सातव्या ठोक्याखालची फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. नाचाच्या वर्गाच्या जमिनीत, खिडकीकडून मोजले तर चौथ्या रांगेत मी बसलेली आहे. तुम्ही म्हणाल, फळीला कसली आली भीती? तिला ना परीक्षा, ना घरदार. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसा माझा ब्रह्मराक्षस जन्मापासून माझ्यामागे आहे.

तो पहिल्यांदा लागला तो करवतीच्या कारखान्यात. एका ओंडक्याच्या अकरा फळ्या निघायच्या होत्या आणि मी सहावी. पाचव्या बहिणीतून करवत जाताना जो आवाज आला, तो ऐकून माझी पाचावर धारण बसली. पुढे रंध्याने सोलवटून घेतले, पॉलिश पेपरने घासून घेतले, आणि एक दिवस मी सुतारकाकांच्या हाती पडले. काका फार प्रेमळ. आम्हा फळ्यांशी ते सासरी निघालेल्या लेकींशी बोलावे तसे बोलत. नीट बस ग बाई, शेजारणीशी भांडू नकोस, असे म्हणत म्हणत त्यांनी आमच्या कडा एकमेकींच्या खाचांत बसवल्या.

नाचाची जमीन इतर जमिनींसारखी नसते. खाली सिमेंट, त्यावर हातहातभर अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या, मधे पोकळी, आणि वर आम्ही. उडी मारणारा खाली आला की आम्ही केसभर दबतो आणि पुन्हा वर येतो, म्हणून त्याचे गुडघे वाचतात. पोकळीत वारा खेळावा म्हणून काकांनी भिंतीच्या तळाशी चार झरोके ठेवले होते. हे कधी बुजवू नका, लाकडालाही श्वास लागतो, असे त्यांनी इमारतीच्या मालकाला बजावले. मालकाने मान हलवली आणि तो विसरून गेला.

वर्ग चालवायच्या मोठ्या बाई. उंच, सडसडीत, केस मागे घट्ट ओढून बांधलेले. त्या टाळीने ठोका देत आणि ती टाळी पडली की माझ्या खिळ्यांनासुद्धा घाम फुटे. मुलामुलींचे तर विचारूच नका. पण बाईंना नाच यायचा, आणि शिकवायचाही ध्यास होता. नव्या मुलाला त्या सहा महिने नुसते चालायला लावत. ‘आधी पायाने जमिनीला विचार, मग वजन टाक,’ हे त्यांचे पहिले वाक्य. ती पहिली काही वर्षे माझी सुखाची होती. वर्षातून एकदा आम्हाला तेल मिळे, येणारे पाहुणे जमीन बघून वा म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

अशातच एक सात वर्षांची मुलगी आली. तिची आई दवाखान्यात नर्स होती. कामावरून तशीच, त्या कपड्यांतच, ती मुलीला आणून सोडत असे. मुलगी बारीक आणि प्रश्न विचारून टोचणारी, म्हणून वर्गाने तिचे नाव टाचणी ठेवले. मित्रांनो, मला माणसे तळपायांवरून कळतात. काहींचे पाय हुकूम सोडतात, काहींचे पाय विनवण्या करतात. टाचणीचे पाय खरोखरच विचारत. अंगठा आधी टेकायचा, मग चवडा, मग क्षणभर थांबून सारे वजन. हे विचारणे तिला मिळाले होते ते बाईंच्या ओरडण्यातून, पण तिच्याकडे येईपर्यंत त्याचे काहीतरी वेगळेच झाले होते. मी भित्री फळी, पण ती माझ्यावर उभी राहिली की मला धीर येई.

मग एका वर्षी फार थंडी पडली. झरोक्यांतून येणारा उजेड एकामागून एक बंद झाला. कोणी बंद केला ते मला खालून दिसले नाही. पोकळीत काळोख झाला, वारा थांबला. बाहेरच्या भिंतीला एक नळ होता, तो थेंब थेंब गळे. तो ओलावा आत शिरला आणि आतच राहिला. एक वर्ष गेले, दोन गेली. कुबट वास येऊ लागला. एक दिवस मला कळले की माझ्याखालची पट्टी मऊ पडते आहे. वरून मी तेल लावून चकचकीत, आणि खाली मला आधार नाही. शेजारणींनी मला खाचांत धरून ठेवले होते, म्हणून चालणाऱ्यांना काही जाणवत नव्हते. पण कोणी जोरात, एकाच पायावर माझ्यावर आले तर? रोज सकाळी वर्गाचे कुलूप उघडले की माझा हाच विचार सुरू होई. ओरडून सांगावे म्हटले तर साधे करकरताही येईना, कारण ओलीने फुगून मी खाचेत घट्ट अडकले होते.

टाचणी तेव्हा सोळा वर्षांची झाली होती. मोठ्या रंगमंचावर तिचा पहिला एकटीचा नाच होता, आणि त्याला बारा दिवस उरले होते. नाच होता नदी ओलांडणाऱ्या मुलीचा. पाण्यात दगड आहेत. सहा दगड छोट्या पावलांनी, आणि सातव्यावर लांब झेप. बाईंनी खडूने जागा आखल्या होत्या. सातवा दगड म्हणजे मी.

त्या दिवशी तिची झेप इतकी सुंदर होती की भीतीतही माझे तिच्याकडे लक्ष गेले. ती अगदी खुणेवर उतरली. आणि मी खचले. फार नाही, दोन बोटे. पण एका पायावर आलेल्या माणसाला दोन बोटे पुष्कळ होतात. तिचा घोटा वळला आणि हाड मोडल्याचा आवाज मला बाकी कोणाच्याही आधी ऐकू आला. लगेच शेजारणींनी मला वर ओढले आणि मी पुन्हा सपाट झाले, जणू काही घडलेच नाही.

‘लक्ष कुठे होतं तुझं?’ बाई म्हणाल्या.

टाचणी माझ्यावर पडून होती. वेदनेने तिचे दात वाजत होते. ‘चुकलं, बाई,’ ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात यापेक्षा वाईट शब्द मी ऐकलेले नाहीत. मी खाली आहे, मी चुकले, हिचे काही चुकले नाही, असे मला शंभरदा म्हणायचे होते. तिच्या आईने दोन दिवसांनी येऊन हळूच विचारले, जमीन ठीक आहे ना. बाईंनी टाच आपटून दाखवली. ती त्यांनी आपटली शेजारच्या रांगेत.

पाच महिन्यांनी टाचणी परत आली. पाय बरा झाला होता, पण तो विचारेनासा झाला होता. नदीचा नाच तिने पुन्हा धरला. सहा दगड पार केले आणि सातव्या ठोक्याला तिचा श्वास गपकन आत गेला, डावा खांदा वर आला, अर्धा ठोका ती थबकली, आणि माझ्या अलीकडेच वीतभर उतरली. बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग मान कलती करून पाहिले आणि म्हणाल्या, हे असंच ठेव. नदीसमोर मुलगी बिचकते आहे, असे त्यात दिसत होते. पुढे तो नाच गाजला. वर्गात येणारे पाहुणे त्या थबकण्याची तारीफ करत, त्यात म्हणे जीव होता. जीव होताच. मुठीत धरलेला जीव होता तो, आणि हे फक्त मला आणि तिला ठाऊक होते. आता माझ्यावर कोणीच जोरात उतरत नव्हते, म्हणून मी मोडले नाही. मला हायसे वाटायचे आणि त्या हायसे वाटण्याची लाजही वाटायची.

वर्षे गेली. मोठ्या बाईंचे गुडघे गेले आणि तेवीस वर्षांच्या टाचणीच्या हाती वर्ग आला. मला वाटले, आता टाळी हिची. पण हिने टाळीच बंद केली. ती मांडीवर दोन बोटांनी ठोका देई, म्हणून मुलांना ऐकण्यासाठी गप्प बसावे लागे. ती ओरडत नसे. कोणी चुकले तर त्यालाच विचारी, कुठून बिघडलं असं तुला वाटतं? आणि शनिवारचा शेवटचा तास असायचा उलटा. त्या तासाला मुलाने ताईला, म्हणजे टाचणीला, शिकवायचे. जे दुसऱ्याला शिकवता आले तेच आपल्याला आले, असे तिचे म्हणणे होते. तो तास बघण्यासारखा असे. एरवी मिठाची गुळणी धरून बसणारी मुले कमरेवर हात ठेवून ताईला दटावत, ताई, गुडघा! ताई, हनुवटी! आणि टाचणी निमूटपणे सुधारून घेत असे.

त्या वर्षी तिने चौदा मुलांना नदीचा नाच शिकवला. त्यांत आठ वर्षांची एक गोल गोल मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली. तिला सगळे बटण म्हणत. बटण कुठलेही काम सरकारी अधिकाऱ्याच्या गांभीर्याने करी. एका शनिवारी उलट्या तासाला तिची पाळी आली.

टाचणीला खुणेवर उभे करून बटणने शिकवायला सुरुवात केली. पहिला दगड असा, दुसरा असा, पाण्याकडे बघायचे नाही, पलीकडे बघायचे. सगळे बिनचूक. सहाव्या दगडावर तिने हात वर करून ताईला थांबवले.

‘आता सातला घाबरायचं,’ ती म्हणाली, ‘आणि मग उडी.’

टाचणीने विचारले, ‘घाबरायचं? हे कोणी सांगितलं तुला?’

‘सांगितलं नाही. तूच करतेस ना. श्वास असा आत, हा खांदा असा वर, आणि मग थोडंसं अलीकडे उतरायचं. आम्ही सगळे करतो.’

टाचणी पुढे येऊन माझ्यावर उभी राहिली आणि तिने बाकीच्यांना करून दाखवायला सांगितले. तेरा मुले उठली. कोणी खिडकीपाशी, कोणी दारापाशी, माझ्यापासून कितीतरी लांब. मांडीवर दोन बोटे वाजू लागली. आणि सातव्या ठोक्याला तेरा श्वास एकदम आत गेले आणि तेरा डावे खांदे वर आले. टाचणीची बोटे थांबली. माझ्यावर तिचे पाऊल होते आणि ते गार पडत चालले होते.

मुलांना ती एवढेच म्हणाली, की यात चूक तिची आहे, त्यांची नाही. सोमवारी ती स्वतः पूर्ण झेप घेऊन दाखवेल, याच जागेवर, आणि मग तिच्यामागून एकेकाने तशीच घ्यायची.

मित्रांनो, ते ऐकून माझे काय झाले असेल याचा विचार करा. पूर्ण झेप. याच जागेवर. आधी टाचणी आणि तिच्यामागून चौदा मुले, एकेका पायावर. माझ्याखाली आता पट्टी नव्हतीच, तिचा भुगा होता. बटणचा घोटा माझ्या लाकडातल्या गाठीएवढाही जाड नव्हता. रविवार उजाडेपर्यंत मी तोच एक हिशेब करत होते, कोणाच्या पायाला मी मोडेन.

रविवारी दुपारी टाचणी एकटीच आली. आधी स्वतः करून बघावे, असे तिच्या मनात असणार. तिने पायमोजे काढले, सहाव्या दगडावर उभी राहिली, श्वास सोडला आणि निघाली. थबकली. वीतभर अलीकडे उतरली. मी सुटकेचा श्वास टाकला. ती मागे गेली, पुन्हा निघाली, पुन्हा थबकली. तिसऱ्यांदाही तेच. मी मनात विनवत होते, नको येऊस, घाबर, अजून घाबर. आणि त्याच वेळी तिचे हाल मला बघवत नव्हते. कारण ती स्वतःला शिव्या देत होती. भित्री, भित्री, असे ती म्हणत होती. तो शब्द माझा होता, मित्रांनो. तिचा नव्हता.

चौथ्यांदा थबकल्यावर ती मटकन खाली बसली आणि रागाने तिने माझ्यावर थाड्दिशी हात आपटला.

आवाज आला धप्प. भिजलेल्या गोणीवर मारल्यासारखा.

टाचणी नाचणारी होती. सोळा वर्षे तिचे कान ठोक्यांवर तयार झाले होते. तिने हात उचलला तसाच धरला. मग शेजारच्या फळीवर मारला. टण्. पलीकडच्या फळीवर मारला. टण्. पुन्हा माझ्यावर. धप्प. ती आडवी झाली, माझ्यावर कान टेकवला आणि बोटाच्या पेराने ठोठावत राहिली. कितीतरी वर्षांनी तिने जमिनीला विचारले होते. माझ्याजवळ एकच उत्तर होते आणि मी तेच देत राहिले.

सोमवारी सकाळी सुतारकाका आले. आता तेही थकले होते, पण हात तेच. पटाशी माझ्या कडेला घुसली तेव्हा मला करवत आठवली. मला वाटले, संपले. आता बाहेर काढणार, बघणार, थुंकणार आणि जाळणार. काकांनी मला उचलून भिंतीला टेकवले आणि भोकात हात घातला. मूठभर काळा भुगा निघाला. तो त्यांनी टाचणीच्या ओंजळीत टाकला.

‘याच्यावर उभी होतीस तू,’ ते म्हणाले. ‘ही आजची कूज नाही. आठदहा वर्षं जुनी आहे.’

मग ते बाहेर गेले आणि झरोक्यांतून त्यांनी कापडाचे बोळे ओढून काढले. जुन्या नाचाच्या कपड्यांच्या चिंध्या होत्या, रंग उडालेल्या. टाचणीने त्या ओळखल्या की काय कोण जाणे, पण तिने मोठ्या बाईंना बोलावून घेतले. बाई काठी टेकत आल्या. त्यांनी भोक पाहिले, भुगा पाहिला आणि चिंध्या हातात घेतल्या.

‘मीच बुजवले हे,’ त्या म्हणाल्या. ‘त्या वर्षी थंडी फार होती. तुमचे पाय गार पडायचे, तुम्ही कुडकुडत उभ्या राहायचात. मला काय माहीत याने लाकूड कुजतं.’ मग त्यांना काहीतरी आठवले आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘आणि मी तुलाच विचारलं, लक्ष कुठे होतं.’

टाचणी भुगा हातात धरून उभी होती. ‘म्हणजे माझं चुकलं नव्हतं?’

‘नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तू बरोबर जागी आली होतीस. खाली जमीनच नव्हती.’

टाचणी रडली. भिंतीला टेकलेली मीही रडले असते, पण लाकडाला ते जमत नाही. काकांनी मला उलटसुलट करून पाहिले, खालचा काळा थर रंध्याने उतरवला आणि सांगितले की ही अजून वीस वर्षे काढील. खाली नवी, जाड पट्टी बसवली. मला वर ठोकणार तोच टाचणीने त्यांना थांबवले. मुले आल्याशिवाय बंद करू नका, म्हणाली.

मुले आली. प्रत्येकाने भोकात हात घालून नवी पट्टी चाचपून पाहिली. बटण तर खांद्यापर्यंत आत गेली. आधी इथे काय होते, असे तिने विचारले, आणि टाचणीने सरळ सांगितले की काहीच नव्हते, आणि ते कोणालाच माहीत नव्हते. मग सर्वांदेखत खिळे ठोकले.

टाचणी सहाव्या दगडावर उभी राहिली. मला नवी पट्टी मिळाली होती, पण भीती जुनीच होती. बोटे वाजली. सातव्या ठोक्याला तिचा श्वास आत गेला, खांदा वर आला. ते गेले नव्हते. पण पाऊल आखडले नाही. ती पूर्ण आली, एका पायावर, अगदी मधोमध. मी केसभर दबले आणि वर आले. ती तशीच उभी राहिली, आणि कितीतरी वेळ तिने दुसरा पाय टेकवलाच नाही.

‘मग सातला घाबरायचं की नाही?’ बटणने विचारले. तिला नक्की काय ते हवे होते.

‘भीती वाटली तर वाटू दे,’ टाचणी म्हणाली. ‘पाऊल आखडू नकोस. आणि पायाखाली काही हललं, तर गप्प बसायचं नाही. आधी मला सांगायचं. मी आधी जमीन बघेन, मग तुझा पाय.’

बटणने मान डोलावली, श्वास आत घेतला आणि माझ्यावर आली. मी हललेही नाही.

एकामागून एक मुले येत राहिली आणि त्याच वेळी, भिंतीच्या कडेला, मोठ्या बाईंनी काठी बाजूला ठेवली. त्या गुडघ्यांवर खाली बसल्या. ते गुडघे किती दुखत असतील ते मला ठाऊक आहे. पहिल्या फळीवर त्यांनी बोटाच्या पेराने ठोठावले, कान देऊन ऐकले आणि पुढे सरकल्या. मग दुसरी, मग तिसरी. टाचणी त्यांना उठवायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. मित्रांनो, मी अजूनही भिते. कुठलीच पट्टी कायमची नसते. पण एक मागणे मागते. तुमच्यासमोर कोणी पडले, तर त्याला काही विचारण्याआधी खाली वाका आणि तो जिथे उभा होता तिथे ठोठावून बघा. बाईंनी त्या दिवशी सगळी जमीन ठोठावली, दारापर्यंत, एकही फळी न सोडता, आणि मगच त्या उठल्या.